पांढरीवरची शाळा

उत्खनन सुरू झालं की पहिल्या दोन-चार दिवसांतच गावातलं कुणीतरी आखलेल्या दोऱ्यांपाशी येऊन उभं राहतं. आत वाकून बघतं. खाली चार माणसं उकिडवी बसून माती खरवडत असतात, एक जण गुडघ्यावर पाटी ठेवून कागदावर रेघा मारत असतो. थोडा वेळ हे बघून झालं की प्रश्न येतो, ‘सोनंबिनं लागलं का काही?’ महाराष्ट्रात खोदकाम केलेल्या कुठल्याही पुरातत्त्वज्ञापाशी हा विषय काढा, तो हसतो.

बारावीची मुलगी घरी ‘मला पुरातत्त्व शिकायचंय’ म्हणते, तेव्हा जेवता जेवता जो प्रश्न निघतो तो याच जातीचा. ‘पण त्यात पुढे काय?’ गावकऱ्याच्या विचारण्यात कुतूहल असतं, आईबापांच्या विचारण्यात धास्ती. दोघांनाही सरळ उत्तर मिळायला हवं. अडचण अशी, की ते देणारं माणूस बहुतेक घरांच्या आसपास नसतंच. डॉक्टर, इंजिनिअर, तलाठी, फौजदार हे नात्यागोत्यात कुठेतरी निघतात. पुरातत्त्वज्ञ मामा क्वचितच कुणाला असतो. मग मुलं सिनेमे, गडांवरचे व्हिडिओ आणि वर्गातल्या कुणाच्या तरी भावानं सांगितलेल्या गोष्टी यांच्या भरवशावर ठरवतात. पहिल्याच हंगामात खापरं धुवायला बसवलं की चक्रावतात.

आधी सोन्याचा प्रश्न घेऊ, कारण त्याचं उत्तर मिळालं की अर्धा विषय कळतो.

१९७४ साली अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात, प्रवरेकाठच्या दायमाबादला एक शेतकरी झुडपाचं मूळ खणून काढत होता. त्याला चार ब्राँझच्या वस्तू लागल्या. बैलजोडी जुंपलेला रथ आणि त्यावर उभा असलेला पुरुष, एक हत्ती, एक गेंडा, एक रेडा. चारींचं मिळून वजन साठ किलोंच्या वर. महाराष्ट्राच्या मातीतून निघालेलं याहून देखणं धातुकाम मला तरी ठाऊक नाही. पण अभ्यासकांची पंचाईत झाली. या वस्तू कुठल्या थरात होत्या, शेजारी कसली खापरं होती, वरची माती मूळची होती की कुणी कधीतरी खड्डा खणून पुन्हा भरलेली, यातलं काहीही नोंदलेलं नव्हतं. पुढे १९७५ ते १९७९ या काळात एस. ए. साळी यांनी तिथे पद्धतशीर उत्खनन केलं. सावळदा संस्कृतीपासून जोर्वे संस्कृतीपर्यंतच्या एकावर एक पाच वस्त्या उलगडल्या. त्यांत एक उत्तर-हडप्पाकालीन निघाली. रथ आणि जनावरं याच वस्तीची, असं बऱ्याच जणांचं मत. काहींनी धातूतल्या घटकांवरून आणि घडणीवरून शंका काढल्या. पन्नास वर्षं झाली, वाद पुरता मिटलेला नाही. तीच वस्तू साळींच्या खड्ड्यात, चुलीशेजारी, जमिनीच्या थरावर बसलेली मिळाली असती तर एका दुपारीत निकाल लागला असता.

पुरातत्त्व शिकू इच्छिणाऱ्यानं दायमाबादची ही गोष्ट सगळ्यात आधी ऐकावी. या शास्त्रात वस्तूपेक्षा तिची जागा मोलाची असते, आणि ती जागा एकदाच बघायला मिळते. खणलं की ती गेली. म्हणून एवढी मोजमापं, एवढे नकाशे, एवढ्या वह्या.

आता ज्यानं खरोखर आपला इतिहास मागे नेला तो ढिगारा. घोड नदीच्या काठी, शिरूर तालुक्यात, पुण्यापासून सुमारे ९० किलोमीटरवर इनामगाव आहे. दख्खनमधल्या कितीतरी नदीकाठच्या गावांना असते तशी इथेही पांढर होती. भोवतालच्या काळ्या रानात उठून दिसणारी राखाडी-पांढुरकी टेकाडं. माणसं शेकडो वर्षं एका जागी राहिली की चुलीची राख, पडलेल्या भिंती, शेण, हाडं, फुटकी भांडी यांची मिळून जी माती होते ती ही. धाब्याच्या घरांवर पसरायला आणि शेतात टाकायला लोक ही माती पिढ्यान्‌पिढ्या गाड्या भरून नेत आले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं इथे १९६८ ते १९८३ या काळात खणलं. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झेड. डी. अन्सारी ही त्यातली मुख्य नावं.

निघालं काय? इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या नऊशे वर्षांतली शेतकऱ्यांची वस्ती. सव्वाशेहून अधिक घरं. पुराचं पाणी अडवून वळवणारा बांध आणि पाट. सातूचे जळलेले दाणे. गावातल्या साध्या घरांच्या मानानं मोठं, पाच खोल्यांचं एक घर, शेजारी धान्याचं कोठार. आणि त्या घराच्या अंगणात, चार पायांच्या भल्या मोठ्या कच्च्या मातीच्या रांजणात बसवून पुरलेला साधारण चाळिशीचा पुरुष. इतर प्रौढांना पुरताना त्यांची पावलं घोट्याखाली तोडलेली आहेत. याची शाबूत आहेत. हा गावचा प्रमुख असावा, असं उत्खनकांनी मांडलं. लहान मुलं दगावली तर दोन कुंभ तोंडाला तोंड लावून आडवे ठेवायचे, आत मूल, आणि घराच्या जमिनीखालीच पुरायचं. एका ठिकाणी झाकणाच्या मातीच्या डबीत एक स्त्रीमूर्ती, डबीवर शीर नसलेली दुसरी स्त्रीमूर्ती आणि तिच्याजवळ बैल. हे कुणी, का पुरलं, यावर हवं तेवढं बोलता येतं, आणि बोललं गेलंही आहे.

मला स्वतःला सगळ्यात बोलकी वाटतात ती घरं. आधीच्या काळात चौकोनी, ऐसपैस. शेवटच्या टप्प्यात, इसवी सनापूर्वी १००० नंतर, गोल आणि लहान, एकमेकांना चिकटून. भांडीही ओबडधोबड होत जातात. ढवळीकरांनी याचा संबंध कोरड्या होत गेलेल्या हवामानाशी जोडला : पाऊस कमी, शेती मोडकळीला, लोक पुन्हा जनावरांच्या मागे फिरू लागलेले. शिरूर तालुक्यातल्या माणसाला दुष्काळानं घर लहान होण्याची गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. ढवळीकरांचं म्हणणं खरं मानायचं की नाही हे पुराव्यावर ठरेल, आणि विद्यार्थ्यानं ते तपासायलाच हवं. पण तीन हजार वर्षांपूर्वीच्या एका गावाची हलाखी खांबांच्या भोकांवरून वाचता येते, यात थरार नसेल वाटत तर हे क्षेत्र सोडून द्यावं. मुकुट आणि खजिने इथे नाहीत. उत्खनन १९८३ साली संपलं, सविस्तर अहवाल छापून आला १९८८ साली. भारतात हा वेग चांगला म्हणावा लागतो. कित्येक उत्खननांचे अहवाल दशकानुदशकं रखडतात. अहवालाशिवाय उत्खनन म्हणजे नुसतं खणणं.

इनामगावचे जळके दाणे ओळखायला वनस्पतिशास्त्र येणारं माणूस लागलं, जनावरांची हाडं ओळखायला प्राणिशास्त्राचं, सांगाड्यांवरून वय आणि आजार सांगायला मानवशास्त्राचं, नदीच्या थरांसाठी भूशास्त्राचं. दाण्यांचं काम मु. द. काजळे यांनी केलं, सांगाड्यांचं जॉन लुकाक्स आणि सुभाष वाळिंबे यांनी. म्हणून ‘आर्ट्स घेऊ की सायन्स’ हा जो प्रश्न दहावीनंतर मुलांना पडतो, त्याचं उत्तर ‘जे तुम्हाला मनापासून येतं ते’ असंच आहे. डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाच्या एम. ए.ला कुठल्याही शाखेचा पदवीधर जाऊ शकतो. प्रवेशपरीक्षा असते, तिचे नियम त्या त्या वर्षी बघून घ्यावेत. रसायनशास्त्र, भूगोल, संस्कृत, स्थापत्य, यातली कुठलीही पदवी पुढे वाया जात नाही. बी. कॉम. करून आलेली मुलंही टिकतात, जर त्यांना आकड्यांचा कंटाळा नसेल.

गणिताचा उल्लेख मुद्दाम करतो, कारण हे शास्त्र म्हणजे गोष्टी सांगणं असा गैरसमज आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी मूळचे गणिती. त्यांनी आहत (ठसे मारलेली प्राचीन) नाणी हजारोंच्या संख्येनं वजन करून, ती हाताळली जाऊन किती झिजली यावरून त्यांचा क्रम लावला. तेच कोसंबी पुण्याच्या आसपासच्या टेकड्या पायी तुडवत सूक्ष्मास्त्रं, म्हणजे अश्मयुगीन माणसाची गारगोटीची बारीक हत्यारं, गोळा करत आणि वाटेतल्या म्हसोबा-वेताळाच्या ठाण्यांची नोंद ठेवत. मोजण्याची शिस्त आणि पायपीट ही जोडी ज्याला जमली त्याचं निम्मं काम झालं.

ओढ लागते कशी, याचंही एक उदाहरण देण्याजोगं आहे. सांकलियांचा जन्म १९०८चा, मुंबईचा. शाळकरी वयात लोकमान्य टिळकांच्या ‘आर्क्टिक होम इन द वेदाज’चं गुजराती भाषांतर त्यांच्या हाती पडलं. आर्य उत्तर ध्रुवाकडून आले हा टिळकांचा सिद्धान्त आज कुणी अभ्यासक धरत नाही. पण मुलाच्या डोक्यात प्रश्न शिरला, आणि त्याचं उत्तर शोधायला संस्कृत आणि गणित शिकायला हवं असं त्यानं ठरवलं. पुढे ते लंडनला गेले, मेडन कॅसलच्या उत्खननावर मॉर्टिमर व्हीलर यांच्या हाताखाली खणायला शिकले, १९३७ साली डॉक्टरेट घेऊन परतले. १९३९ साली पुण्याचं डेक्कन कॉलेज संशोधनसंस्था म्हणून नव्यानं उघडलं तेव्हा सांकलिया तिथे लागले. हे तेच कॉलेज, जिथून टिळक पदवीधर झाले होते. इरावती कर्वेही त्याच वर्षी तिथे आल्या. गुजरातेत लांघणजला अश्मयुगीन सांगाड्यांच्या शोधात सांकलियांसोबत त्याही वाळूत उतरल्या होत्या. मुलींनी खणायला जावं का, असं ज्या घरांत आजही विचारतात त्यांच्या माहितीसाठी : ही गोष्ट १९४० च्या दशकातली आहे.

चुकीच्या पुस्तकातून खरा प्रश्न मिळू शकतो, एवढं सांकलियांच्या उदाहरणावरून म्हणता येईल. आजची मुलं गडकिल्ल्यांमुळे येतात, मोबाइलवरच्या खेळांमुळे येतात, ‘आपल्या देवळाखाली जुनं देऊळ आहे म्हणे’ यामुळे येतात. कशामुळेही या. फक्त उत्तर आधीच ठरवून येऊ नका. आपल्या जातीचा, गावाचा, धर्माचा मोठेपणा सिद्ध करायला निघालेल्या माणसाला प्रत्येक खापरात तोच दिसतो, आणि अशांची संख्या अलीकडे वाढली आहे.

डेक्कन कॉलेज सोडून बाकी कुठे? नागपूर विद्यापीठात प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्वाचा जुना विभाग आहे, आणि विदर्भात महापाषाणीय दगडी वर्तुळं इतकी आहेत की त्या विभागाच्या विद्यार्थ्याला प्रयोगशाळा दारातच मिळते. शां. भा. देव यांनी तिथे माहुरझरी, नायकुंड, टाकळघाट-खापा इथे काम केलं. नायकुंडला लोखंड गाळायची भट्टी सापडली. सोलापूर विद्यापीठातही हा विषय आहे. मुंबईत विद्यापीठाच्या बहिःशाल विभागानं नोकरी करणाऱ्यांना आणि गृहिणींनाही पुरातत्त्वाकडे वळवलं. साष्टी बेटावरच्या बोरिवली-मालाड-ठाण्याच्या गल्ल्यांतून वीरगळ (लढाईत पडलेल्यांच्या स्मारकशिळा) आणि गद्धेगाळ (शापाचे दगड) शोधण्याची मोहीम त्यांतूनच झाली. जवळच बडोद्याला महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा विभाग आहे, तो १९५० पासूनचा. कुठेही गेलात तरी एक गोष्ट आधी विचारा : गेल्या दोन-तीन वर्षांत इथले विद्यार्थी प्रत्यक्ष उत्खननावर गेलेत का आणि किती दिवस? माहितीपुस्तिकेतल्या इतर सगळ्या मजकुरापेक्षा या उत्तराला किंमत आहे.

उत्खननाचा दिवस उजाडायच्या आत सुरू होतो. हंगाम पावसाळ्यानंतर, बहुधा थंडीत सुरू होऊन उन्हाळा तापेपर्यंत. राहायचं तंबूत नाहीतर गावच्या शाळेत. चौरस खड्डे आखलेले, मधे उभे बांध राखलेले. या बांधांच्या उभ्या कापात थर दिसतात. वरची नांगरटीची माती, खाली एखादा राखेचा पट्टा, मग चोपलेली जमीन, मग पडझड. हा काप ओलसर असताना, सकाळच्या तिरप्या उजेडात नीट वाचता येतो. दुपारी सगळं एकाच रंगाचं दिसू लागतं आणि नवख्या विद्यार्थ्याला वाटतं आपले डोळे बिघडले. मजुरांमध्ये एखादा मुरलेला गडी असतो; त्याच्या खुरप्याला जमीन लागल्याचं मास्तरांच्या आधी कळतं. त्याच्याशी दोस्ती करावी. डिग्री नसलेला हा माणूस थर ओळखायला जे शिकवतो ते पुस्तकात मिळत नाही, आणि अहवालात त्याचं नाव सहसा येत नाही, ही आपल्या पुरातत्त्वाची एक जुनी लाज आहे.

प्रत्येक थराची खापरं वेगळ्या पिशवीत. पिशवीवर चिठ्ठी : जागा, खड्डा, थर, खोली, तारीख. चिठ्ठी हरवली की पिशवी कचऱ्यात गेल्यासारखीच. कोळसा सापडला तर बोट लावायचं नाही, पत्र्यानं उचलून गुंडाळायचा, कारण त्यातल्या कार्बन-१४ वरून काळ काढायचा असतो. कार्बन-१४ दर ५,७३० वर्षांनी निम्मा होतो, आणि साधारण पन्नास हजार वर्षांपलीकडे ही पद्धत चालत नाही. माती चाळायची, राखेची माती पाण्यात ढवळायची म्हणजे जळके दाणे वर तरंगतात. संध्याकाळी खापरं धुणं, वाळवणं, काठ आणि बुडं वेगळी काढणं, शाईनं बारीक आकडे घालणं. काठाच्या एका तुकड्यावरून अख्ख्या भांड्याचा घेर काढून चित्र काढता आलं पाहिजे. रात्री कंदिलात नाहीतर बल्बखाली वही. आज काय खणलं, माती कशी होती, काय वाटलं आणि का वाटलं. मोजणीचं टोटल स्टेशन यंत्र आलं, ड्रोन आला, टॅबवर नोंदी घेतात. तरी वही सुटलेली नाही. पुष्कळ मुलं याच टप्प्यावर कळतात, टिकणारी आणि न टिकणारी. कष्टांनी कुणी फारसं पळत नाही, पळतात ते कंटाळ्यानं.

हे सगळं कॉलेजात गेल्यावर. तोवर घरी बसून काय करता येईल?

खूप करता येईल, आणि खर्च जवळजवळ नाही. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं ‘इंडियन आर्किऑलॉजी : अ रिव्ह्यू’ हे वार्षिक १९५३-५४ पासूनचं आहे. कुठल्या जिल्ह्यात कुणाला काय आढळलं याच्या छोट्या छोट्या नोंदी त्यात असतात. अंक इंटरनेटवर फुकट मिळतात. आपला तालुका शोधा. बहुतेकांना धक्का बसतो, कारण आपल्याच गावाशेजारचं नाव तिथे असतं आणि गावात कुणाला पत्ता नसतो. जिल्ह्याचं जुनं गॅझेटिअर वाचा. मराठीत ढवळीकरांचं ‘पुरातत्त्वविद्या’ आणि ‘महाराष्ट्राची कुळकथा’, सांकलिया आणि म. श्री. माटे यांचं ‘महाराष्ट्रातील पुरातत्त्व’ एवढी तीन पुस्तकं तालुक्याच्या ग्रंथालयात मागा. जुनी आहेत, काही निष्कर्ष मागे पडलेत, पण भाषा स्वच्छ आहे. पुढचं वाचन मात्र इंग्रजीतच आहे, हे मराठी माध्यमाच्या मुलांना आत्ताच सांगितलेलं बरं. अहवाल, शोधनिबंध, परीक्षा, सगळं. त्याची भीती बाळगू नये. बारावी ते पदवी या तीन-चार वर्षांत रोज दोन पानं वाचली तरी निभतं.

लिपी शिका. ब्राह्मीची मुळाक्षरं सुट्टीच्या पंधरा दिवसांत येतात, आणि मग नाणेघाट, कार्ले, नाशिक इथल्या लेण्यांच्या भिंती गप्प राहत नाहीत. जुनागढचे भगवानलाल इंद्रजी शाळकरी असतानाच गिरनारच्या शिलालेखाची अक्षरं लावायला शिकले. त्यांना मुंबईत भाऊ दाजी लाड यांनी हाताशी धरलं. १८८२ साली सोपाऱ्याचा स्तूप उकलणारे हेच. इंग्रजी शिक्षण बेताचं होतं, नजर पक्की होती. मध्ययुगात रस असेल तर मोडी शिका. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थांनी ती जिवंत ठेवली आहे. संगणकात रुची असेल तर नकाशांचं फुकट सॉफ्टवेअर क्यूजीआयएस उतरवून घ्या आणि आपल्या गावच्या विहिरी, देवळं, वीरगळ, जुन्या वाटा त्यावर टिपा. चित्रकला सोडू नका.

आणि चाला. कोकणातल्या कातळशिल्पांची कथा इथे सांगायला हवी. रत्नागिरी-राजापूरच्या जांभ्याच्या सड्यांवर हत्ती, वाघ, मासे, माणसं, भौमितिक आकृत्या कोरलेल्या होत्या. गुराख्यांना त्या माहीत होत्या, कुणी त्यांना पांडवांचं काम म्हणे. सुधीर रिसबूड हे व्यवसायानं अभियंते, सोबत धनंजय मराठे, भूगोलाचे प्राध्यापक सुरेंद्र ठाकूरदेसाई. या मंडळींनी स्वतःच्या खिशातून खर्च करत, सुट्टीच्या दिवशी, गावोगावच्या म्हाताऱ्यांना आणि गुराख्यांना विचारत सडे धुंडाळले. शिल्पांची संख्या हजारावर गेली. २०२२ साली कशेळी, रुंढे तळी, देवाचे गोठणे, बारसू, देवी हसोळ, जांभरुण, उक्षी, कुडोपी आणि गोव्यातलं फणसईमाळ यांची नावं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत लागली. ही शिल्पं नक्की कधीची, हे अजून ठरायचं आहे. ते ठरवायला पुढची दोन-तीन दशकं तरी लोक लागतील. आज अकरावीत असलेल्या कुणाला हा प्रश्न आयुष्यभर पुरेल.

चालताना एक पथ्य. दिसेल ते उचलायचं नाही. फोटो काढा, शेजारी पट्टी किंवा पेन ठेवा म्हणजे आकार कळेल, जागेची नोंद करा आणि वस्तू जिथल्या तिथे सोडा. १८७८ चा निधी कायदा आजही लागू आहे; जमिनीत दहा रुपयांहून अधिक किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्याला कळवणं बंधनकारक आहे. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंवर १९७२ चा पुरावशेष कायदा आहे. केंद्राच्या परवान्यावाचून उत्खनन करताच येत नाही, मग हेतू कितीही चांगला असो. गडांवर मेटल डिटेक्टर घेऊन फिरणाऱ्या टोळ्या आणि गुप्तधनासाठी वीरगळ उलथणारे लोक यांच्यात आणि हौशी अभ्यासकात फरक राहायला हवा. वीरगळ दिसला की त्याला ऑइलपेंट फासणाऱ्या उत्साही तरुण मंडळांबद्दल मी वेगळं लिहीन. इथे एवढंच सांगतो की त्या रंगाखाली अक्षरं कायमची जातात.

आता आईबापांचा प्रश्न. त्यात पुढे काय?

गोड बोलण्यात अर्थ नाही. एम. ए. झाल्या झाल्या कायमची नोकरी लागण्याची शक्यता थोडी. मुख्य वाटा अशा : भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणातली अधिकाऱ्यांची पदं केंद्रीय लोकसेवा आयोगामार्फत भरतात, राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालयं संचालनालयात काही जागा निघतात, त्या केव्हा निघतील याचा नेम नसतो. सर्वेक्षणाची दोन वर्षांची पदव्युत्तर पदविका ग्रेटर नोएडाच्या पंडित दीनदयाळ उपाध्याय पुरातत्त्व संस्थेत चालते. ती विद्यावेतनासह आहे, प्रशिक्षण उत्तम आहे, पण जागा अगदी मोजक्या आणि अर्ज देशभरातून. नेट परीक्षेत पुरातत्त्व हा स्वतंत्र विषय आहे. फेलोशिप मिळाली तर पीएच. डी.ची वर्षं निभावतात. संग्रहालयं, वारसा-जतनाचे प्रकल्प, वास्तुविशारदांच्या कचेऱ्या इथे कंत्राटी कामं मिळतात, कमी पगाराची, सहा महिन्यांची, कधी वर्षाची. हाडं, परागकण, गाळ, प्राचीन डीएनए यांकडे वळलेल्यांना लखनौच्या बिरबल साहनी संस्थेसारख्या प्रयोगशाळा आणि परदेशातली विद्यापीठं खुली होतात. माझ्या समजुतीप्रमाणे आज सगळ्यात जास्त माणसं तिथेच हवी आहेत.

ब्रिटनमध्ये पुरातत्त्वाची बहुतेक नोकरी बांधकामामुळे आहे. इमारत किंवा रस्ता करण्यापूर्वी जमीन तपासायची आणि तो खर्च बांधणाऱ्यानं द्यायचा, ही पद्धत तिथे १९९० पासून रुळली. आपल्याकडे संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि पुढच्या २०० मीटरवर नियंत्रण आहे. त्याबाहेरच्या जमिनीची अशी तपासणी सरसकट सक्तीची नाही. महाराष्ट्रात केंद्र-संरक्षित स्मारकं पावणेतीनशेच्या वर आहेत. त्यांच्या बाहेरच्या हजारो पांढरी, दगडी वर्तुळं, सडे यांवरून महामार्ग आणि कालवे गेले तरी कुणी खापर मोजत नाही. तशी सक्ती उद्या झाली तर पुरातत्त्व शिकलेल्यांना काम कमी पडणार नाही. ही मागणी विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्या पालकांनी लावून धरावी.

तोवर हिशोब घरानं घरापुरता करावा. तेविसाव्या वर्षी ज्याच्या पगारावर चूल अवलंबून आहे, त्यानं भूगोल, रसायन, स्थापत्य अशी स्वतःच्या पायावर उभी राहणारी पदवी आधी घ्यावी आणि मग या बाजूला यावं. दार बंद होत नाही. ज्या घरात तीन-चार वर्षं कळ काढण्याची ताकद आहे आणि मुलगी खापराचा काठ हातात घेऊन अर्धा तास रमते आहे, तिथे तिला अडवू नये. नुसतं गडावरचं प्रेम असेल तर ते गडावर जाऊनही पुरं होतं, त्यासाठी पुरातत्त्वाची पदवी लागत नाही.

आणि ज्यांच्या घरात असं कुणीच नाही, त्यांच्यासाठीही एक काम आहे. आपल्या गावची पांढर कुठे आहे ते म्हाताऱ्यांना विचारून घ्या. बहुतेक पांढरी कुठल्याच संरक्षित यादीत नाहीत. पूर्वी माती बैलगाडीनं जायची, आता जेसीबी आणि ट्रॅक्टरनं एका उन्हाळ्यात टेकाड सपाट होतं. तुमची पांढर अजून शाबूत असेल, तर पुढच्या ग्रामसभेत तिचा विषय काढा, तिथली माती उचलू न देण्याचा ठराव करून घ्या आणि त्याची एक प्रत राज्य पुरातत्त्व संचालनालयाला टपालानं पाठवा.